डिजिटल शासकीय दस्तऐवजांची पडताळणी

शासकीय यंत्रणेने इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेला दाखला, परवाना, उतारा किंवा आदेश खरोखर तिनेच दिला आहे का, नंतर त्यात फेरफार झाला आहे का आणि तो आजही लागू आहे का, हे तपासण्याची प्रक्रिया. हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले की उरलेले दोन विसरले जातात आणि फसवणुकीला तेवढी फट पुरते.

कागदी दस्तऐवजाचा खरेपणा त्याच्या अंगावर असे : जलचिन्ह, उठावाचा शिक्का, शाईची सही. पडद्यावर दिसणारा शिक्का, बोधचिन्ह, सहीची प्रतिमा किंवा ‘स्वाक्षरी वैध’ असे लिहिलेली हिरवी खूण ही मात्र नुसती चित्रे असतात आणि चित्र कुणालाही हुबेहूब उतरवता येते. नुसते पाहून केलेली तपासणी म्हणून तपासणीच ठरत नाही.

यावरचा तोडगा व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सार्वजनिक किल्लीच्या कल्पनेतून निघाला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएसए पद्धतीने ती कल्पना प्रत्यक्षात आणता आली. फाइलवरून गणिताने हॅश नावाची ठरावीक लांबीची संख्या काढतात. दस्तऐवज देणारे कार्यालय आपल्याजवळच्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडेच असलेल्या गुप्त संख्येने, त्या हॅशवर स्वाक्षरी करते. तपासणारा तिच्या जोडीच्या, सर्वांना उपलब्ध असलेल्या सार्वजनिक किल्लीने ती स्वाक्षरी पडताळतो. मजकुरातला एक अंक बदलला तरी हॅश जुळत नाही. ती सार्वजनिक किल्ली त्याच कार्यालयाची आहे, याची ग्वाही प्रमाणन संस्था देते.

सारी भिस्त या ग्वाहीवर असते. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत शिरून घुसखोराने शेकडो बनावट प्रमाणपत्रे काढली. डच शासनाच्या सेवाही याच संस्थेवर विसंबून होत्या. शासनाला तिचा कारभार हाती घ्यावा लागला आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. गणितही कालांतराने जुने होत जाते. एसएचए-१ या हॅश काढण्याच्या, एकेकाळी सर्वत्र वापरल्या गेलेल्या पद्धतीत एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या आणि गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तयार करून दाखवल्या. २०१९ मध्ये जर्मनीतील बोखुमच्या रूर विद्यापीठातील संशोधकांना आढळले, की स्वाक्षरी झालेल्या पीडीएफमधील मजकूर बदलूनही संगणकावर पीडीएफ उघडणारी २२ पैकी २१ सॉफ्टवेअर एका ना एका प्रकारे फसतात. दोष स्वाक्षरीच्या गणितात नव्हता, ती तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होता. असे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे हा म्हणूनच पडताळणीचाच भाग मानावा लागतो.

व्यवहारात याहून साधी अडचण अधिक भेडसावते. डिजिटल स्वाक्षरी फाइलमध्ये असते. छापील प्रत, स्कॅन किंवा पडद्याचा फोटो यांत ती उतरत नाही. अशा प्रतींसाठी क्यूआर कोड वापरतात, पण त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात केवळ संकेतस्थळाचा दुवा असतो. भामटा मूळ संकेतस्थळासारखेच दिसणारे पान उभारतो आणि कोड तिकडे वळवतो. पानावर ‘दस्तऐवज वैध आहे’ असे झळकते. कोड स्कॅन करण्याऐवजी शासकीय संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे दस्तऐवजाचा क्रमांक भरणे त्यापेक्षा सुरक्षित. खऱ्या दस्तऐवजाचा कोड दुसऱ्यावर चिकटवण्याची युक्तीही चालते. त्यामुळे पडताळणीच्या पानावर निव्वळ ‘वैध’ एवढेच न येता नाव, तारीख, क्रमांक असा तपशील यायला हवा आणि तपासणाऱ्याने तो हातातल्या प्रतीशी ओळीने ताडून पाहायला हवा. दुसऱ्या प्रकारात खुद्द तपशील स्वाक्षरीसह कोडमध्ये साठवलेला असतो. सार्वजनिक किल्ली आधीच जवळ असेल, तर इंटरनेटविनाही तो तपासता येतो. युरोपीय संघाची २०२१ मधील डिजिटल कोविड प्रमाणपत्रे या धर्तीची होती.

त्याच प्रमाणपत्रांनी या पद्धतीची मर्यादाही उघड केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲडॉल्फ हिटलरच्या नावाची प्रमाणपत्रे समाजमाध्यमांवर फिरू लागली आणि तपासणीच्या ॲपमध्ये ती वैध ठरत होती. प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेचाच गैरवापर झाला, की खोट्या मजकुरावरही खरी स्वाक्षरी होते. स्वाक्षरी मजकूर कुठून आला ते सांगते. तो खरा आहे की नाही, हे सांगत नाही.

तिसरा प्रश्न, म्हणजे दस्तऐवज आजही लागू आहे का, हा फाइलकडे पाहून कधीच सुटत नाही. परवाना निलंबित झाला किंवा आदेश मागे घेतला, तरी जुन्या फाइलवरची स्वाक्षरी जुळतच राहते. त्यासाठी मूळ नोंदवहीतच पाहावे लागते. उलट बाजूही आहे : स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून आधी केलेली स्वाक्षरी आपोआप खोटी ठरत नाही. स्वाक्षरी मुदतीत झाली होती, हे दाखवण्यासाठी स्वतंत्र संस्थेकडून कालनोंद, म्हणजे त्या वेळेची स्वाक्षरीबद्ध नोंद, घेऊन ती फाइलसोबत जपतात. जमीन, जन्म-मृत्यू यांसारख्या दशकानुदशके लागणाऱ्या दस्तऐवजांत, जुनी पद्धत कमकुवत होण्याआधीच, नव्या पद्धतीने पुन्हा कालनोंद घालावी लागते.