स्क्रीनवर फिरतंय म्हणजे थ्रीडी नाही बरं का

आमचं काम कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं, म्हणजे जीआयएस. परवा ऑफिसात ज्युनिअरने ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगराचं मॉडेल दाखवलं, वर सॅटेलाइट इमेज चढवलेली, माऊसने गरागरा फिरतंय, आणि म्हणतो सर थ्रीडी झालं. म्हटलं झकास, पण बोगदा कुठाय? 1916 पासून रेल्वेचा बोगदा आहे त्या डोंगरात, सव्वा किलोमीटरहून लांब. गडी गप्प.

त्याने केलं होतं ते टू पॉइंट फाईव्ह डी, आम्ही सरळ अडीच डी म्हणतो. असं मॉडेल डीईएमवर बनतं, डीईएम म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, चौकोनांची जाळी, एका चौकोनाला उंचीचा एकच आकडा. आता बोगद्याच्या बरोबर वर उभे राहा, पायाखाली माथा, त्याखाली बोगद्याचं छत, त्याखाली रूळ, म्हणजे एकाच जागेला तीन उंच्या, आणि जाळीत जागा एकीलाच. चौकोनांऐवजी टीआयएन, म्हणजे त्रिकोणांची जाळी वापरली तरी साधारण तीच गत. बरं डेटा पण वरूनच घेतलेला असतो, एसआरटीएम हा जगभर वापरला जाणारा उंचीचा डेटा 2000 साली स्पेस शटलमधून रडारने 11 दिवसांत मोजला, त्याला डोंगराच्या पोटातलं काय दिसणार!

घोडबंदर रोडचे टॉवर लोक असेच उभे करतात, बिल्डिंगचा नकाशा घेतला आणि उंचीइतका वर खेचला. दिसायला भारी, पण खालचं स्टिल्ट पार्किंग भरीव होऊन बसतं आणि तिसऱ्या नि तेराव्या मजल्यावरचा फ्लॅट वेगळा करता येत नाही.

खरं थ्रीडी म्हणजे वस्तूच्या सगळ्या बाजू साठवायच्या, छत, भिंती, तळ, मग ते मल्टीपॅच असो की सिटीजीएमएल, दोन्ही असं थ्रीडी साठवायचे फॉरमॅट. आणि नुसती झेड व्हॅल्यू, म्हणजे उंचीचा आकडा, टाकून पण भागत नाही हां, टूलने ती वाचायला हवी. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये ठाण्याच्या तीन हात नाक्याचा फ्लायओव्हर आणि खालचा रस्ता, दोन्ही झेडसकट टाकून एसटी इंटरसेक्ट्स, म्हणजे दोन गोष्टी छेदतात का ते तपासणारं फंक्शन, चालवा, सांगेल एकमेकांना छेदतात, कारण ते झेड बघतच नाही. त्याचंच झेड बघणारं भावंड एसटी थ्रीडी इंटरसेक्ट्स मात्र नाही म्हणेल.

पाणी कुठे तुंबेल, उतार किती, याला अडीच डी पुरतं, उगाच जड फाइल कशाला. ज्युनिअरला पण तेच सांगितलं, डोंगर तसाच राहू दे, बोगद्याची लाइन रुळाच्या उंचीवर वेगळी काढ आणि डोंगर अर्धा पारदर्शक कर. संध्याकाळपर्यंत केलं त्याने.