खिशातला लांब झूम आणि भिंगाच्या तोंडाचे मिलिमीटर

खिशात मावेल असा कॅमेरा हवा आणि त्यातून दूरच्या फांदीवरचा पक्षीही टिपता यावा, अशी इच्छा असणारा माणूस खोक्यावरचा एकच आकडा आधी वाचतो: ३० एक्स, ४० एक्स, ६० एक्स. आकडा मोठा म्हणजे लांबचं जास्त दिसणार, ही समजूत इतकी पक्की आहे की जाहिरातीही त्याच आकड्याभोवती रचलेल्या असतात. पण लांबचं किती दिसेल हे तो आकडा सांगत नाही. तो नुसता भागाकार आहे: भिंगाचं सर्वांत लांब नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, भागिले सर्वांत आखूड नाभीय अंतर. २४ ते ९६० मिमीचं भिंग झालं ४० एक्स. २४ ते २०० मिमीचं झालं ८.३ एक्स. आणि पक्ष्यांचे फोटो काढणारे मोठ्या कॅमेऱ्याला लावतात ते १००-४०० मिमीचं भिंग फक्त ४ एक्स, तरी त्याची पोच त्या ८.३ एक्सवाल्याच्या दुप्पट.

तेव्हा एक्स सोडून मिलिमीटर वाचावेत. मात्र खोक्यावरचे मिलिमीटर ‘समतुल्य’ असतात, हे ध्यानात ठेवायला हवं. २०१८ सालचा कॅनन एसएक्स७४० एचएस घ्या. त्यावर ९६० मिमी लिहिलेलं असतं, पण भिंगाचं खरं नाभीय अंतर आहे १७२ मिमी. ३६ × २४ मिमीच्या फिल्मवर ९६० मिमीचं भिंग दृश्याचा जेवढा कोन टिपलं असतं, तेवढाच कोन इथे जेमतेम ६.२ × ४.६ मिमीच्या सेन्सरवर १७२ मिमीत मिळतो. सेन्सर चिमुकला ठेवला की भिंगही आखूड होतं आणि कॅमेरा खिशात जातो. लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांचं सगळं गणित या एका तडजोडीवर उभं आहे.

खरे आकडे शोधायला कुठे जावं लागत नाही. ते भिंगाच्या पुढच्या कडेवर छापलेले असतात. एसएक्स७४०वर ४.३-१७२ मिमी आणि १:३.३-६.९ असं दिसतं. पहिली जोडी नाभीय अंतरांची, दुसरी एफ-क्रमांकांची, म्हणजे नाभीय अंतर प्रकाशाच्या वाटेच्या व्यासाच्या किती पट आहे त्याची. आता शेवटच्या आकड्यांचा भागाकार करायचा: १७२ भागिले ६.९, म्हणजे २५ मिमी. पूर्ण झूमवर प्रकाश आत यायला जी वाट मोकळी असते तिचा हा व्यास. त्याला भिंगाचं तोंड म्हणू. छोटा कॅमेरा निवडताना सगळ्यांत जास्त सांगून जाणारा आकडा हाच आहे आणि तो जाहिरातीत कुठेच नसतो.

तो इतका मोलाचा का, हे कळायला प्रकाश ही लहर आहे हे शाळेत शिकलेलं वाक्य पुन्हा आठवावं लागेल. लहर एखाद्या छिद्रातून गेली की थोडी फाकते. याला विवर्तन म्हणतात. छिद्र जितकं लहान तितकं फाकणं जास्त. दूरचा तारा म्हणजे खरं तर बिंदू, पण गोल छिद्रातून आलेला त्याचा प्रकाश सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही. मध्ये एक उजळ चकती आणि तिच्याभोवती अंधूक कडी अशी नक्षी पडते. जॉर्ज एअरी यांनी १८३५मध्ये या नक्षीचं गणित मांडलं, म्हणून तिला एअरी चकती म्हणतात. चकतीचा व्यास येतो २.४४ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले एफ-क्रमांक. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली, तर एफ/६.९ला ही चकती सुमारे ९.३ मायक्रॉन रुंद होते. भिंग कितीही उत्तम घासलेलं असो, काच कितीही महाग असो, चकती याहून लहान होणार नाही.

आता सेन्सरकडे वळू. एसएक्स७४०च्या सेन्सरवर २ कोटी पिक्सेल आहेत, आडव्या रांगेत ५१८४. ६.१७ मिमीत ५१८४ बसवले की एका पिक्सेलची रुंदी १.१९ मायक्रॉन. म्हणजे ज्या बिंदूचा फोटो एका पिक्सेलवर मावायला हवा, तो जवळजवळ आठ पिक्सेलांवर पसरतो. म्हणून अशा कॅमेऱ्याचा पूर्ण झूमवरचा फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहिला की मऊ दिसतो. लोक याचा दोष फोकसला किंवा हात हलण्याला देतात. तेही घडतं, पण हात दगडासारखा स्थिर असला तरी ही मर्यादा जात नाही.

हीच गोष्ट कोनाच्या भाषेत मांडली की सेन्सर हिशेबातून बाहेर पडतो आणि उरतं फक्त तोंड. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान जेवढा कोन लागतो, तो म्हणजे १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले तोंडाचा व्यास. २५ मिमीच्या तोंडाला हा कोन साडेपाच विकला येतो (विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग). शंभर मीटरवरच्या वस्तूवर त्याचे होतात २.७ मिमी. पिसावरच्या रेघा याहून जवळजवळ असतील, तर त्या एकमेकींत मिसळणारच. निकॉन पी१०००चं भिंग पूर्ण झूमवर खरोखर ५३९ मिमीचं आणि एफ/८चं आहे. तोंड ६७ मिमी, शंभर मीटरवरची मर्यादा १ मिमी. पण तो कॅमेरा १.४ किलोचा आहे, खिशात जाण्यातला नाही.

खिशातल्या स्पर्धेत हा हिशेब मोठा उद्बोधक ठरतो. पॅनासॉनिक टीझेड२००मध्ये एक इंची सेन्सर आहे, प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा. (इंचाचं हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या व्यासावरून चालत आलं आहे. सेन्सरची कुठलीच बाजू इंचभर नसते.) त्याचं भिंग समतुल्य मापात २४-३६० मिमी, खोक्यावर १५ एक्स. शेजारी ४० एक्सचा डबा ठेवला की ग्राहकाला हा बिचारा वाटतो. पण १३२ मिमी भागिले ६.४ केलं की तोंड येतं २०.६ मिमी. विवर्तनाची मर्यादा ६.७ विकला, एसएक्स७४०ची साडेपाच. पिक्सेल इथे २.४ मायक्रॉनचे, त्यामुळे चकती साडेतीन पिक्सेलांवर बसते आणि पिक्सेल फारसे वाया जात नाहीत. टीझेड२००चा फोटो कातरून ९६० मिमीच्या चौकटीएवढा केला, तर हाती सुमारे २०५० × १३७० पिक्सेल उरतात. एसएक्स७४०च्या २ कोटींच्या तुलनेत हे २८ लाखच. तपशील मात्र फार कमी नसतो, कारण त्या २ कोटींतले बहुतेक पिक्सेल एकाच चकतीचे तुकडे पुन्हा पुन्हा मोजत असतात. कागदावरचा २.७ पटींचा फरक डोळ्याला फार तर १.२ ते १.४ पट भासतो. त्यातही उन्हाने तापलेली हवा मध्ये आली तर तोही बुजून जातो. जमिनीवरून लहरत वर जाणारी गरम हवा दूरच्या चित्राला इतकी हलवते की दुपारी दोन-तीनशे मीटरांपलीकडे कुठलंच भिंग धड काम करत नाही. लांबचे फोटो सकाळी लवकर काढावेत.

तोंडाचा दुसरा उपयोग प्रकाश गोळा करण्याचा. पावसात ठेवलेल्या भांड्यात किती पाणी साठेल हे त्याच्या तोंडाच्या रुंदीवर ठरतं, तसंच हे. एकाच पक्ष्याकडून येणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात आत येतो. इथे मात्र फक्त पूर्ण झूमचं तोंड पाहून भागत नाही, मधल्या झूमवरचंही बघायला हवं. एक इंची सेन्सरचा सोनी आरएक्स१०० मार्क ६ समतुल्य २०० मिमीला एफ/४.५ देतो. खरं नाभीय अंतर ७२ मिमी, तोंड १६ मिमी. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात २०० मिमीचा तोच कोन मिळतो ३६ मिमीवर. तिथे एफ/५ धरला तरी तोंड जेमतेम ७ मिमी, आणि प्रकाश पाचपट कमी. संध्याकाळी किंवा घरातल्या समारंभात समोरच्याचा चेहरा टिपायचा असेल, तर हा पाचपटीचा फरक लगेच दिसतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सहल, माणसं, इमारती, अधूनमधून प्राणी असा वापर असेल तर एक इंची सेन्सर घ्यावा आणि झूमचा लहान आकडा आनंदाने स्वीकारावा. दिवसाउजेडी पक्षी आणि चंद्र एवढंच हवं असेल, तरच ३०-४० एक्सच्या लहान सेन्सरकडे जावं.

तिथेही ऊन किती लागतं ते पाहा. कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाला दाद देण्याची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ला शटर साधारण १/१०० सेकंद उघडा लागतो, हा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा. त्या हिशेबाने एफ/६.९ला १/५०० मिळतो. हलणाऱ्या पक्ष्याला १/१००० हवा, म्हणून आयएसओ २००. आकाश भरून आलं की प्रकाश आठपट घटतो आणि आयएसओ १६०० होतो. चिमुकल्या सेन्सरवर १६००ला रंगीत कण उठतात. ते पुसण्यासाठी कॅमेरा जी सफाई करतो, तीत पिसांचा लगदा होतो. ऑप्टिकल स्थिरीकरण हाताचा कंप सावरतं, पण पक्ष्याची हालचाल त्याला थांबवता येत नाही. बसलेल्या पक्ष्याला १/२५० पुरतो. मेनूत ऑटो आयएसओची वरची मर्यादा लहान सेन्सरला ८००, एक इंचीला ३२०० ठेवावी आणि शटर स्वतः ठरवावा.

लांब झूमवर पक्षी सापडणं हीच मोठी अडचण असते. समतुल्य ९६० मिमीला ३० मीटरवरची चौकट जेमतेम १.१ मीटर रुंद असते. क्षणभर झूम मागे घेऊन पुन्हा तिथेच आणणारं बटण आहे का ते पाहावं. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असेल तर फारच उत्तम. त्यामुळे कॅमेरा कपाळाला टेकतो आणि दोन हातांना तिसरा आधार मिळतो, शिवाय उन्हात पडदा दिसेनासा होण्याचा प्रश्न उरत नाही. टीझेड२००ला तो आहे, आरएक्स१०० मार्क ६ला वर उचलून घ्यायचा आहे, एसएक्स७४०ला नाही. २०२५मध्ये आलेल्या टीझेड९९ने ३० एक्स आणि यूएसबी-सी दिलं, पण व्ह्यूफाइंडर दिला नाही.

डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद करावा. तो चौकट कातरून फुगवतो, नवीन तपशील आणत नाही. फोनमधला ‘शंभर एक्स’ तर याच्याही पुढे जातो. आयफोन १५ प्रो मॅक्सच्या ५ एक्स भिंगाचं तोंड सुमारे साडेपाच मिमी आहे. वरचंच सूत्र लावलं तर एवढ्या तोंडाला चंद्रावरची साधारण ४५ किमीहून लहान विवरं वेगळी दिसणं शक्य नाही. २५ मिमीच्या तोंडाला ही मर्यादा १० किमी. तेव्हा फोनच्या फोटोत चंद्रावर बारीक खळगे ठळक उठलेले दिसले, तर ते भिंगाने पाहिलेले नसतात. सॉफ्टवेअरने चंद्र ओळखून ते भरलेले असतात.

आणखी एक गैरसमज इथेच खोडायला हवा. निकॉन पी९००सारख्या लांब झूमच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ दाखवून ‘क्षितिजाखाली गेलेलं जहाज झूमने परत आलं, म्हणजे पृथ्वी सपाट’ असा प्रचार चालतो. जहाज आधी फक्त डोळ्याला लहान झालेलं असतं. झूमने ते मोठं दिसतं, एवढंच. दोन मीटर उंचीवरून पाहणाऱ्याचं क्षितिज सुमारे ५ किमीवर असतं. त्याच्या बऱ्याच पलीकडे गेलेल्या जहाजाचा खालचा भाग कुठलाही झूम परत आणत नाही. याच लोकांच्या व्हिडिओत तारे थरथरत्या पाण्याच्या थेंबासारखे दिसतात आणि ‘ताऱ्यांचं खरं रूप’ म्हणून फिरवले जातात. ते फोकस चुकलेले तारे आहेत. चकती भिंगाच्या तोंडाची असते आणि थरथर हवेची.

कॅमेरा हातात घेऊन तपासायचा असेल तर ऑटोवर चार फोटो काढून काही कळत नाही. समोर विटांची भिंत किंवा छापील कागदांची रांग घ्या आणि कॅमेरा टेबलावर ठेवून तिच्याशी समांतर करा. दोन सेकंदांचा टायमर लावा, कॅमेरा टेकलेला असल्यामुळे स्थिरीकरण बंद करा, आयएसओ सर्वांत कमी ठेवा. आखूड, मधल्या आणि पूर्ण झूमवर एकेक फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणं साहजिक आहे. एकच बाजू मऊ आणि दुसरी धारदार असेल, तर आतलं एखादं भिंग केंद्रातून सरकलेलं आहे. असा नग बदलून घ्यावा. मागेपुढे सरकणाऱ्या नळीच्या भिंगांत हा दोष बराच आढळतो, कारण एवढ्याशा जागेत अनेक तुकडे दर वेळी नेमके जागेवर यावे लागतात.

जुना कॅमेरा घेत असाल तर आणखी एक फोटो काढा: पूर्ण झूम आणि मिळेल तेवढा मोठा एफ-क्रमांक ठेवून पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम चुकवून. नळी आतबाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ आत जाते. सेन्सरवर बसलेला कण या फोटोत करडा ठिपका होऊन दिसतो. भिंग निघत नसल्याने तो पुसता येत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. नळी बाहेर येताना खरखर ऐकू आली तर वाळूचा कण दात्यांत गेलेला असतो, आणि पुढची पायरी म्हणजे अर्ध्यात अडकलेली नळी व पडद्यावर ‘लेन्स एरर’. समुद्रकिनारी असा कॅमेरा उघडा टांगून फिरू नये, फोटो झाला की नळी आत घेऊन झाकलेल्या पिशवीत ठेवावा.