पन्ह्यातून निघालेले कपडे: झबलं, परकर-पोलकं आणि घरच्या शिवणाची पार्श्वभूमी

मुलांचे कपडे घरी शिवायचे म्हटलं की हल्ली आधी माप घेतलं जातं, मग कापड. जुन्या घरात हे उलट चाले. हाताशी किती पन्ह्याचं, म्हणजे किती रुंदीचं, कापड आहे, त्यात काय बसतं आणि कात्री कमीत कमी कुठे लावावी लागेल, यावरून कपड्याचा आकार ठरे. झबलं, कुंची, परकर, पोलकं, चोळी हे सगळे आकार या हिशेबातून आलेले आहेत. त्यामुळे त्यांची बेतणी समजून घ्यायची तर आधी मागाकडे पाहावं लागतं.

जुन्या पद्धतीच्या हातमागावर धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं लाकडी साधन, एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा असतो. कापड रुंद होत गेलं की हा फेक-झेल अवघड होतो आणि वेगही पडतो. चोळीच्या कापडाला रुंदीची गरजच नव्हती, म्हणून ते अरुंद मागावर विणलं गेलं. उत्तर कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे अशा कापडाचं, म्हणजे खणाचं, मुख्य ठिकाण. तिथल्या खणाचा पन्हा साधारण 30 ते 31 इंच, दोन्ही कडांना काठ आणि मधल्या अंगात बारीक ठिपके किंवा नक्षी. रथ, हत्तीचं पाऊल, सूर्यनारायण अशी त्या नक्ष्यांची नावं आहेत. हे कापड पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात इतकं रुळलं की ओटीत घालायच्या चोळीच्या तुकड्यालाच खण म्हणू लागले.

जॉन केने 1733 मध्ये इंग्लंडमध्ये धावत्या धोट्याचं, म्हणजे दोरीच्या झटक्याने धावणाऱ्या आणि रुंद कापड सोपं करणाऱ्या धोट्याचं, पेटंट घेतलं, पण आपल्याकडच्या विणकरांमध्ये तो माग पसरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या काही दशकांत गिरणीचं मांजरपाट, लाँगक्लॉथ, मलमल आणि छापील चीट खेडोपाडी पोचली. गिरणीच्या कापडाचा नेहमीचा पन्हा 36 इंच. पुढे 44-45 इंच आला, आणि मग 58-60 इंच, ज्याला दुकानदार आजही डबल पन्हा म्हणतात. मुलांच्या कपड्यांचा इतिहास याच आकड्यांच्या मागोमाग चालतो.

सगळ्यात जुना आकार झबल्याचा. अनेक घरांत बारशापर्यंत बाळाच्या अंगाला कोरं कापड लावत नसत. जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं मऊ झालेलं कापड घेत. यामागे श्रद्धा काय असेल ती असो, कापडाच्या बाजूने पाहिलं तर रिवाज शहाणपणाचा आहे. कोऱ्या कापडात खळ असते, ती पहिल्या दोन-तीन धुण्यांत निघते आणि तोवर कापड खरखरीत राहतं. जुनं कापड वापरताना मात्र पाहायचं ते विरलेपण. लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं, पदराकडचा भाग टिकतो. मधला विरलेला भाग काढून दोन धड तुकडे एकमेकांना जोडण्याला दंड घालणं म्हणत. झबल्यासाठी दंडाची शिवण टाळूनच तुकडा घ्यावा. दोन अंगठ्यांमध्ये धरून हलका ताण दिला आणि धागे सरकले, तर ते कापड दुपट्याच्या आत घालावं, झबल्याला वापरू नये.

तान्ह्या बाळाच्या झबल्याला 24 इंच लांब आणि 18 इंच रुंद तुकडा पुरतो. लांबी दुमडली की 12 इंच उंची मिळते आणि घडीवर खांदा येतो, म्हणून खांद्याला शिवण लागत नाही. परत रुंदीत दुमडून 9 इंच. मध्यापासून 6 इंच अंग आणि उरलेले 3 इंच बाही, बाहीची उंची 4.5 इंच. अर्धा इंच शिलाई जाऊन घेर 22 इंच राहतो. नवजात बाळाच्या छातीला तो बराच सैल होतो, पण सहा महिने चालायचं तर तेवढा हवाच. गळा मध्यापासून 2 इंच रुंद, पुढे 2 इंच खोल, मागे फक्त अर्धा इंच. पुढचा भाग पूर्ण चिरून बंद लावायचे, कारण मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढणं त्रासाचं असतं.

हे झबलं फाटतं ते काखेत, आणि दर वेळी तिथेच. बाही आणि अंग काटकोनात भेटतात, हात वर गेला की सगळा ताण त्या एका टोकावर येतो. जुन्या शिवणात याला उत्तर होतं काखेतल्या चौकोनी तुकड्याचं, म्हणजे चौबगल्याचं. अंगरखा आणि बाराबंदीतही तो असे. झबल्याला अडीच इंचांचा तुकडा तिरका बसवला की हात मोकळा होतो. तुकडा नको असेल तर कोपरा गोल शिवावा आणि त्या गोलाईत शिलाईच्या दाबाला तीन-चार ठिकाणी टिपेजवळपर्यंत चीर द्यावी. चीर दिली नाही तर कापड आत गोळा होऊन टोचतं. अगदी लहान बाळासाठी शिलाई बाहेरच्या अंगाला ठेवण्याची जुनी पद्धत आजही सोडू नये. ती दिसायला उलटी असली तरी बाळाला सोयीची आहे.

गळ्याला लावायची पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावर कापलेली, सव्वा इंच रुंद. सरळ कापलेली पट्टी गोलाईत बसत नाही, तिच्या कडा उभ्या राहतात आणि मानेला घासतात. कापड वाचवण्यासाठी सरळ पट्टी लावायचा मोह होतो, तेव्हा उरलेल्या तुकड्यांतून लहान लहान उरेब पट्ट्या काढून जोडाव्यात.

कुंचीत टोपी आणि पाठीवर उतरणारा घोळ एकाच कापडाचे असतात. चौकोन मधून दुमडायचा, वरची कड शिवायची म्हणजे टोपी होते, गळ्याशी चुण्या घेऊन नाडी. खणाची कुंची करताना काठ चेहऱ्याभोवती येईल असा तुकडा घ्यावा. ती कड आधीच पक्की असल्याने दुमडावी लागत नाही आणि गालाला शिवण लागत नाही. नाडीबद्दल मात्र जुन्या पद्धतीपेक्षा आजची काळजी बरोबर आहे. युरोपातल्या मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत डोक्याशी आणि गळ्याशी नाडी चालत नाही, कारण ती अडकून गळा आवळू शकतो. बारशाच्या फोटोपुरती नाडी असू द्या, रोजच्या कुंचीला प्रेस बटण लावावं आणि बाळ झोपताना कुंची काढावी.

परकर-पोलक्यात पन्ह्याचा हिशेब सगळ्यात सुंदर दिसतो. काठ परकराच्या तळाला हवा म्हणून खणाचं कापड आडवं वापरतात. पन्हा होतो परकराची उंची आणि लांबी होते घेर. पाच वर्षांच्या मुलीचं उदाहरण घेऊ. कमर 21 इंच, तयार उंची 22 इंच. घेर कमरेच्या अडीच ते तीनपट, म्हणजे साधारण 1.6 मीटर कापड. उंचीत 22 इंचांवर नेफ्याला, म्हणजे नाडी ओवायच्या पट्टीला, 2 इंच आणि वाढीच्या दोन टकांना, म्हणजे दुमडून शिवलेल्या आडव्या घड्यांना, 4 इंच, एकूण 28. पन्हा 30 इंचांचा. खाली काठ असल्याने तळाला दुमड लागत नाही आणि शिवण एकच, बाजूची. वरचा काठ नेफ्यात जाड होतो, नाडी सरकत नाही. म्हणून जास्तीच्या 2 इंचांत तो कापून ठेवावा आणि पोलक्याच्या गळ्याला किंवा खिशाला वापरावा.

टक ही निव्वळ शोभेची गोष्ट नव्हती. एक इंच खोल टक 2 इंच कापड खाते आणि उसवली की तेवढी उंची परत देते. या वयात परकराची उंची वर्षाला इंच-दीड इंच वाढवावी लागते, त्यामुळे दोन टकांत एक परकर तीनेक वर्षं चाले. टक काठाच्या लगेच वर घ्यावी. उसवल्यावर तिथे गडद पट्टा दिसतोच, कारण बाकीचं कापड धुण्याने फिकट झालेलं असतं. त्या रेषेवर लेस किंवा मगजी, म्हणजे अरुंद कापडी पट्टी, लावून टाकावी. हे करायचं असेल तर टक लांब टाक्यांनी घ्यावी. बारीक टीप उसवताना खणाचा गुळगुळीत धागा तुटतो आणि भोकं राहतात.

पोलक्याचं माप काढायला दर्जीलोकांचं साधं गणित आहे. छाती 22 इंच असेल तर मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, खोली छातीचा चौथा भाग, साडेपाच इंच. गळ्याची अर्धी रुंदी छातीचा बारावा भाग, पावणेदोन ते दोन इंच. अंगाच्या घेरात 3 इंच सैलपणा मिळवून 25. हा सैलपणा मिळवायचा राहिला की पोलकं घालताना चढतं, पण जेवायला बसल्यावर बटणं ताणतात. अंगाला 14 इंच आणि बाह्यांना 12 इंच लांबी धरली तर 65-70 सेंटिमीटर कापड लागतं. बाह्या समोरासमोरच्या दोन काठांवर ठेवून कापाव्या, म्हणजे दोन्ही दंडांवर काठ येतो. परकर धरून पूर्ण जोडीला सव्वादोन ते अडीच मीटर.

रंग भडक का झाले, याचंही कारण आहे. पूर्वी लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळापासून आणि निळा निळीपासून येई. 1856 मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, 1869 पर्यंत लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेचं रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनलं आणि 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. गुलाबी, हिरवा, जांभळा असे झगझगीत रंग सामान्य घरांना परवडू लागले. सगळेच पक्के मात्र नव्हते, आजही नसतात. कापण्याआधी कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवावा आणि गरम इस्त्री दाबावी. फडक्याला रंग लागला तर त्या कापडाला पांढरं अस्तर लावू नये. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं अजूनही सांगितलं जातं. आजच्या बहुतेक रंगांवर त्याचा उपयोग होत नाही, सुटा रंग निघून जाईपर्यंत थंड पाण्यात धुणं हाच उपाय. सुती कापड 3 ते 5 टक्के आटतं, 22 इंचांत जवळपास एक इंच. त्यामुळे कापड रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून मगच बेतावं. अस्तरही वेगळं भिजवावं. नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगून राहतं.

शिवणयंत्र या गोष्टीत उशिरा आलं. एलियस हाव यांचं पेटंट 1846 चं, आयझॅक सिंगर यांचं 1851 चं. सिंगर कंपनीची यंत्रं 1870 च्या दशकात हिंदुस्थानात विकली जाऊ लागली आणि हप्त्यांच्या सोयीमुळे आधी दर्ज्यांच्या दुकानात, मग मध्यमवर्गीय घरांत शिरली. 1936 मध्ये कलकत्त्यात उषा यंत्राचं उत्पादन सुरू झालं. मधल्या काळात पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी बायकांना शिवण शिकवलं. घरी हाताने शिवणं हे काम होतं, वर्गात शिकलेली बेतणी कमाईचं साधन झाली. फ्रॉक, फुग्याची बाही, योक (छातीवरचा वेगळा जोडलेला भाग) आणि झालर हे आकार याच वाटेने घरात आले, आणि त्यांना 36 इंची गिरणीचं कापड सोयीचं पडलं.

दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, कापडावर सरकारी नियंत्रण आलं. कंट्रोलचं कापड मोजून मिळे, म्हणून वडिलांच्या सदऱ्याचा मुलाला शर्ट आणि लुगड्याचा मुलीला फ्रॉक ही काटकसर पुन्हा सक्तीची झाली. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि वारावर मिळणारं कापड मीटरवर गेलं. टेप मात्र इंचांतच राहिली. आजही घरगुती शिवणात कापड कमी पडण्याचं एक कारण मात्र वेगळंच असतं. हिशेब वारात, म्हणजे 36 इंचांनी केलेला असेल तर मीटरचे 39 इंच जास्तच भरतात, पण जुन्या कागदावरचं माप 45 इंची पन्ह्याचं आणि हातातलं कापड 36 इंची, हे कुणी पाहत नाही.

टेरिकॉट आणि नायलॉनने 1960-70 च्या दशकांत मुलांचे फ्रॉक चकचकीत केले. घाम न शोषणारे असूनही ते चालले, कारण इस्त्री लागत नव्हती. जानेवारी 1982 मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. कापडाचं काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे आधीपासूनच सरकत होतं, ते आणखी सरकलं. तयार कपडे स्वस्त झाले आणि बऱ्याच घरांतली यंत्रं झाकणाखाली गेली.

गेल्या काही वर्षांत खण परत आला तो साडी, कुर्ता आणि आई-मुलीच्या जोडकपड्यांच्या रूपात. यातलं बरंच कापड यंत्रमागाचं आणि 44 इंच पन्ह्याचं आहे. आईच्या कुर्त्याला ते सोयीचं, मुलीच्या परकराला नाही. पन्हा उंचीला घेतला तर 14 इंच वाया जातात. अशा वेळी आधी दोन्ही काठ 5-6 इंच रुंदीने उभे कापून घ्यावेत आणि मधल्या भागातून दोघींचे कपडे बेतावेत. काठ परकराला आणि कुर्त्याच्या बाहीला जोडावा. अंब्रेला फ्रॉकच्या तळाला काठ लावायच्या फंदात पडू नये. काठ सरळ, तळ गोल, त्यामुळे प्रत्येक वितीला चुणी पडते. सरळ घेराच्या, चुण्या घातलेल्या फ्रॉकला तोच काठ नीट बसतो. खण शिवताना 14 नंबरची सुई, अडीच मिलिमीटरचा टाका, आणि कडा सुटतात म्हणून शिलाईला अर्ध्याऐवजी पाऊण इंच कापड.