करवतीचे दात: ओढायचे की ढकलायचे?

करवत हातात आली की आधी तिच्या दातांवरून बोट हलकेच फिरवून बघावं. एका दिशेने बोट सरकतं, दुसऱ्या दिशेने अडतं. दात हातापासून दूर झुकलेले असतील तर ती ढकलताना कापते, हाताकडे झुकलेले असतील तर ओढताना. सुताराच्या पेटीत एवढ्या निरनिराळ्या करवती का असतात, याचं बरंचसं उत्तर या झुकावात आहे आणि उरलेलं पात्याच्या धातूत.

दातेरी कडेच्या दगडी कपच्या अश्मयुगातही होत्या. त्यांनी हाडाला किंवा फांदीला खाच पाडता येई, पण जाड लाकूड आरपार कापायला लांब आणि पातळ पातं लागतं. ते धातूशिवाय होत नाही. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत तांब्याच्या करवती सापडल्या आहेत. तांबं मऊ. असं पातं लाकडात ढकललं तर ते मधोमध वाकतं. ओढलं तर ताणामुळे सरळ राहतं. म्हणून तिथले सुतार ओढूनच कापत. इसवी सनापूर्वी १५व्या शतकातल्या रेखमिरे या वजिराच्या थडग्यात याचं चित्र आहे. लाकूड जमिनीत रोवलेल्या खांबाला दोरांनी उभं बांधलंय आणि सुतार उभा राहून वरून खाली चिरत आणतोय. फळी आडवी ठेवून कापायची आपल्याला इतकी सवय आहे की ते चित्र आधी विचित्र वाटतं. पण मऊ पात्याने काम करायचं तर ती मांडणी अगदी समजून-उमजून केलेली आहे.

लोखंड आल्यावर पात्याला जोर मिळाला, तरी लांब पातळ पातं ढकलताना वाकायचंच. यावर रोमन काळात लाकडी चौकटीची करवत सर्रास वापरात होती. चौकटीच्या एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला दोरी, आणि दोरीत काडी घालून पीळ दिला की पातं तारेसारखं ताणलं जातं. मग ते हवं तेवढं पातळ ठेवता येतं. अडचण एकच: चौकटीचा मधला दांडा लाकडाला टेकला की काप पुढे जात नाही.

त्याहून मोलाची गोष्ट पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहे. ओल्या लाकडात भुसा दातांमध्ये गच्च बसतो, म्हणून दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना वाकवतात, असं तो सांगतो. करवतीच्या सगळ्या इतिहासात मला ही युक्ती सर्वांत मोठी वाटते. दात असे फाकवले की काप पात्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पडतो, पातं अडकत नाही आणि भुसाही बाहेर पडतो. आडव्या कापाची नीट लावलेली करवत डोळ्यांसमोर धरून दातांच्या रांगेवरून नजर टाका. एक नव्हे, दोन रांगा दिसतील आणि मधे बारीक पन्हळ. त्या पन्हळीत सुई ठेवून करवत तिरकी केली तर सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जाते. दात सारखे फाकलेत की नाही, हे बघण्याची ही जुनी परीक्षा आहे.

दातांचा आकार मात्र लाकडाच्या रेषा ठरवतात. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या तंतूंची पेंढी. तंतूंच्या दिशेने उभं चिरायचं तर दात पटाशीसारखे सपाट टोकाचे लागतात. ते तंतू खरवडून काढतात. इंचाला साधारण चार ते सात दात. आडवं कापायचं तर तंतू आधी दोन्ही कडांना तोडावे लागतात, म्हणून प्रत्येक दात सुरीच्या टोकासारखा तिरका घासलेला असतो आणि दात जास्त, इंचाला आठ ते बारा. उभ्या चिरण्याची करवत आडवी चालवली की कडा फाटून निघते. उलट केलं तर दात भुशाने भरतात आणि हात दुखेपर्यंत काप पुढे सरकत नाही.

यंत्रं येण्याआधी ओंडक्याच्या फळ्या करायचं काम खड्ड्यावर चाले. ओंडका खड्ड्यावर आडवा, एक माणूस वर, एक खाली, मधे उभी लांबलचक करवत. वरचा रेषेवर नजर ठेवून दिशा देई. खालचा जोर लावून ओढे आणि दिवसभर भुसा तोंडावर घेई. अशी एकेक फळी निघे.

चौकटीतून सुटका झाली ती १७व्या शतकात. इंग्लंड आणि हॉलंडमध्ये रुंद पोलादी पातं आणि एका टोकाला लाकडी मूठ अशी करवत रुळली. रुंदीमुळेच पातं ताठ राहतं, त्यामुळे ढकलून कापता येतं. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समनने शेफिल्डमध्ये मुशीत पोलाद वितळवायची पद्धत बसवली आणि पात्याचं पोलाद एकसारखं मिळू लागलं. इंग्लंडहून लहानपणी अमेरिकेत गेलेल्या हेन्री डिस्टनने १८४०मध्ये फिलाडेल्फियात करवती बनवायला सुरुवात केली आणि पुढे पोलादही स्वतःच ओतायला घेतलं. सांध्यांच्या बारीक कामासाठी पातं पातळ हवं आणि वाकायलाही नको, म्हणून अशा करवतीच्या पात्याच्या पाठीवर पितळेची किंवा पोलादाची पट्टी बसवतात. टेनन सॉ आणि डोव्हटेल सॉ त्या घराण्यातल्या.

जपानी सुतारांनी ओढण्याची रीत सोडली नाही, आणि त्यांच्या हाती उत्तम पोलाद होतं. ताणात राहणारं पातं जाड करायची गरजच नसते. सांध्यांसाठीच्या पाठपट्टीच्या ‘दोझुकी’चं पातं ०.३ मिलिमीटरइतकं पातळ असतं, त्यामुळे काप केसासारखा पडतो. ‘र्योबा’ला दोन्ही कडांना दात: एक कड उभ्या चिरण्याची, दुसरी आडव्या कापाची.

वळणदार कापासाठी पातं अरुंदच लागतं, म्हणून तिथे चौकट टिकून राहिली. फ्रेट सॉने पातळ लाकडात नक्षी काढतात. कोपिंग सॉचं पातं हवं त्या कोनात फिरवता येतं. हॅकसॉही चौकटीचीच, फक्त धातूसाठी. तिथे नियम साधा: कापायच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दात टेकले पाहिजेत. म्हणून पातळ पत्र्याला इंचाला ३२ दातांचं पातं घ्यावं. १४ दातांचं घेतलं तर दात पत्र्यात अडकून तुटतात. चौकट काढून टाकून फक्त दातेरी तार दोन हातांनी ओढायची, ही जिग्ली या इटालियन प्रसूतितज्ज्ञाची कल्पना. १८९४मध्ये त्याने ती अवघड बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेसाठी आणली. नंतर कवटीचं हाड कापायलाही ती वापरली गेली.

आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच करवतींच्या दातांची टोकं निळसर काळी दिसतात. विजेच्या झटपट तापवणीने ती कडक केलेली असतात. ही धार पुष्कळ दिवस टिकते हे खरं, पण ती गेल्यावर त्रिकोणी कानस घेऊन बसलात तर कानस दातांवरून नुसती घसरते. जुन्या साध्या पोलादाच्या करवतीला तीच कानस लागते, आणि एका बाजूचे दात झाले की पातं उलटं फिरवून दुसऱ्या बाजूचे घासायचे असतात.