‘रेकॉर्डवरचा’ माणूस: एका शिक्क्याची दीडशे वर्षं

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातवार कामवाटपाविरुद्ध निकाल दिला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल. बातम्या झाल्या त्या मुख्यतः झाडू कुणाच्या हातात आणि स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात, यावर. दुसऱ्या भागाची चर्चा फारशी झाली नाही. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत भटक्या आणि विमुक्त जमातींच्या कैद्याला त्याच्या जमातीवरूनच सराईत गुन्हेगारांत धरण्याची सोय होती. न्यायालयाने असे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. ज्या ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’मधून, म्हणजे गुन्हेगार जमातींच्या कायद्यातून, हे उल्लेख आले, तो कायदा रद्द होऊन तेव्हा 72 वर्षं झाली होती. तरीही तुरुंगाच्या पुस्तकात तो जिवंत होता.

माणूस गुन्हा का करतो, आणि सुटून आल्यावर पुन्हा का करतो, हे गुन्हेशास्त्राचे सगळ्यात जुने प्रश्न. आपल्याकडे त्यांचा अभ्यास सुरू होण्याआधीच सरकारने उत्तर छापून टाकलं होतं.

ते वर्ष 1871. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्ये क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टचं विधेयक आलं तेव्हा युक्तिवाद झाला तो असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग गुन्हेगारांच्याही जाती असणारच, आणि त्यांचा धंदाही बापाकडून मुलाकडेच जाणार. ठगांच्या बंदोबस्तासाठी स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 च्या दशकात जी यंत्रणा उभी केली, तिच्यातून ही समजूत आधीच मुरलेली होती. आता तिला कायद्याचं बळ मिळालं. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं कलमच होतं. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 मध्ये तो देशभर लागू झाला आणि 1924 मध्ये त्याची फेररचना झाली. आपल्याकडच्या पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट, छप्परबंद अशा जमाती त्याच्या कचाट्यात सापडल्या.

या लोकांपैकी काहींनी चोऱ्या केल्या का? केल्या. पण त्याआधी त्यांच्या पोटापाण्याचं काय झालं, हे त्या कौन्सिलमध्ये कुणी विचारलं नाही. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्यांचा व्यापार रेल्वेने आणि मिठावरच्या सरकारी मक्तेदारीने बसवला. जंगल कायद्यांनी शिकाऱ्याला त्याच्याच रानात चोर ठरवलं. कारणं शोधायची तर ती इथे होती. सरकारने ती रक्तात शोधली.

इटलीत लोंब्रोझो या गुन्हेशास्त्रज्ञाचा ‘जन्मजात गुन्हेगारा’वरचा प्रसिद्ध ग्रंथ आला 1876 मध्ये, म्हणजे आपल्या कायद्यानंतर पाच वर्षांनी. कवटीचा आकार, जबडा, कान यांवरून गुन्हेगार ओळखता येतो, असं त्याचं म्हणणं होतं. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे 3,000 कैद्यांची मोजमापं घेतली आणि 1913 मध्ये दाखवून दिलं की गुन्हेगाराचा असा कुठलाही वेगळा शारीरिक साचा नसतो. युरोपात या सिद्धांताला इतक्या लवकर तडा गेला. इथे मात्र 1924 चा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. ज्याची कुणी परीक्षाच घेतली नाही तो समज, ज्याची परीक्षा होऊन गेली त्या सिद्धांताहून जास्त टिकला.

1924 च्या कायद्यातलं 22 वं कलम वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. नोंदणी झालेल्या माणसाने हजेरीच्या आणि ये-जा करण्याच्या नियमांचा भंग केला, तर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत, त्यानंतर तीन वर्षांपर्यंत. समजा, एखादा माणूस पास न घेता शेजारच्या तालुक्यात आजारी आईला भेटायला गेला. परत आल्यावर कैद. सुटला, पुन्हा गेला, पुन्हा कैद, या वेळी जास्त. त्याने कुणाची काडीसुद्धा चोरलेली नाही, पण कागदावर तो तीनदा शिक्षा झालेला माणूस आहे. आता त्याला ‘सराईत’ म्हणायला पुरावा तयार! पुढचं कलम आणखी कडक होतं: नोंदणीकृत माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची. पुनर्गुन्ह्याचे आकडे हा कायदा नुसता मोजत नव्हता, तो ते घडवतही होता.

सोलापुरात आजही एका भागाला ‘सेटलमेंट’ म्हणतात. तारेच्या कुंपणाआड या जमातींना ठेवलं होतं. मुंबई इलाख्यातल्या अशा वसाहतींची सूत्रं स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याकडे होती. सोलापूरचं ठिकाण सोयीचं होतं, कारण कापड गिरण्यांना मजूर हवे होते. कामाला जायचं, परत येऊन हजेरी द्यायची. शाळा होत्या, काही मुलं शिकलीही. पण ती मुलं जन्मली होती कुंपणाच्या आत, आणि त्यासाठी त्यांनी काहीही केलेलं नव्हतं.

त्याच काळात सोलापूरपासून फार लांब नाही अशा औंध संस्थानात अगदी उलटा प्रयोग झाला. आटपाडीजवळ 1939 मध्ये स्वतंत्रपूर वसवलं गेलं, त्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा मोठा वाटा होता. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी इथे बायकामुलांसह राहत आणि शेती करत. भिंती नव्हत्या. सेटलमेंटमध्ये निरपराध कुंपणाआड आणि स्वतंत्रपुरात शिक्षा झालेले मोकळ्या रानात, हे चित्र काही कोसांच्या अंतरावर एकाच वेळी होतं. स्वतंत्रपूरची वसाहत आजही आहे. तिच्यावरून सिनेमा निघाला, तिचं कौतुकही झालं. पण सरकारी नियम घडले ते सेटलमेंटच्या वळणावर.

तिकडे अमेरिकेत संशोधन वेगळ्या दिशेने चाललं होतं. शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारीचे अनेक वर्षांचे नकाशे तयार केले. ठरावीक वस्त्यांत प्रमाण कायम जास्त होतं. गंमत अशी की त्या वस्त्यांत राहणारे लोक बदलत गेले, एका देशाचे स्थलांतरित गेले आणि दुसऱ्या देशाचे आले, तरी प्रमाण तसंच राहिलं. जी मंडळी तिथून बाहेर पडली, त्यांच्यातलं प्रमाण उतरलं. गुन्हा रक्ताबरोबर प्रवास करत असता तर असं झालं नसतं. 1942 मध्ये हे काम ग्रंथरूपाने आलं, तेव्हा सोलापूरची तार अजून शाबूत होती.

बॉस्टनमध्ये ग्लूक या संशोधक दांपत्याने गुन्हेगारीकडे वळलेली 500 मुलं आणि न वळलेली 500 मुलं यांची तुलना 1950 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची कागदपत्रं पुढे हार्वर्डच्या लॉ स्कूलच्या तळघरात पडून होती. सॅम्पसन आणि लाउब या गुन्हेशास्त्रज्ञांनी ती बाहेर काढली, नव्याने तपासली, आणि पुढे त्यांतल्या काही माणसांना म्हातारपणी गाठून त्यांची आयुष्यंही ऐकली. बहुतेकांनी कधी ना कधी गुन्हा सोडला होता. सोडायला कारण ठरलं ते टिकाऊ काम, चांगला संसार, काहींच्या बाबतीत लष्करातली नोकरी. बालपणाची छाप खोल होती, पण तिने माणसाचं सगळं आयुष्य बांधून टाकलेलं नव्हतं.

फिलाडेल्फियाचा 1972 चा अभ्यासही सांगायला हवा, कारण त्याचा वापर उलट बाजूनेच जास्त झाला. 1945 मध्ये जन्मलेल्या 9,945 मुलांपैकी फक्त 627 मुलांच्या नावावर अर्ध्याहून जास्त गुन्हे निघाले. मूठभर लोकच सगळं करतात, त्यांना धरून ठेवा, असा अर्थ अनेकांनी काढला. पण मोजणी होती पोलिसांच्या नोंदींची. ज्याच्या दारात पोलीस रोज उभे, त्याच्या नावावर नोंदी जास्त होणारच, हा मुद्दा पारध्याच्या पालावर कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरात रद्द झाला. म्हणून तो विमुक्त दिन. मुंबई राज्याने तर आधीच, 1949 मध्ये तो मागे घेतला होता. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. आपल्याकडचा 1959 चा. आता जात नव्हे, व्यक्ती पाहायची, हा बदल मोलाचा होता, यात शंका नाही. पण ठाण्यातली जुनी रजिस्टरं, जुनी नावं, चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीवर जायचं याची सवय, हे कायद्याबरोबर रद्द झालं नाही. 1998 मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात पूर्वी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या शबर जमातीतला बुधन शबर पोलीस कोठडीत मेला, तेव्हा महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी हा प्रश्न देशापुढे आणला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2000 मध्ये आणि वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2007 मध्ये हे सराईतांचे कायदे मागे घ्यायला सांगितलं.

एवढ्या काळात एक बाजू जवळजवळ मोकळीच राहिली: हे लोक गुन्ह्याचे बळी ठरतात तेव्हा काय होतं? पीडितांचा स्वतंत्र अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला, त्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 1973 मध्ये जेरुसलेमला झाली. आपल्या तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडितांसाठी सरकारी भरपाई योजनेचं कलम आलं ते 2009 मध्ये. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून जगणारे. संशय यायला त्यांचं परकं आणि भटकं असणंच पुरलं.

महाराष्ट्रात विमुक्त आणि भटके हे वेगळे प्रवर्ग आहेत. त्यांतल्या ज्या जमाती अनुसूचित जाती किंवा जमातींच्या यादीत नाहीत, त्यांना अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागत नाही आणि देशाच्या गुन्हे अहवालात त्यांच्यावरच्या अत्याचारांचा वेगळा तक्ताही नसतो. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत आहे आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्तांत. अकोल्यातल्या कैकाडी बाईला जातीवरून मारहाण झाली तर ती अ‍ॅट्रॉसिटीखाली फिर्याद देऊ शकते. तेच सोलापुरात झालं, तर तिला हा कायदा लावून घेता येत नाही.