जर्नल खरं की बनावट, हे त्याच्या वेबसाइटला विचारू नका

संत्र्याच्या डिंक्या रोगावर पहिला शोधनिबंध छापून आला, की नागपूरच्या तरुण संशोधकाच्या मेलवर आमंत्रणांची रीघ लागते. एक जर्नल दंतवैद्यकाचं, एक नॅनो तंत्रज्ञानाचं. लेख मात्र दोघांनाही हवा असतो, तोही तीन दिवसांत स्वीकारण्याच्या हमीसह. तज्ज्ञांनी लेख वाचायचा, शंका काढायच्या, लेखकाने दुरुस्त्या करायच्या, हे काम तीन दिवसांत उरकत नाही. बहुतेक वेळा महिने जातात.

तरी विद्यार्थी फसतात, कारण वेबसाइटवर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाला मिळणारा आठ अंकी ओळख क्रमांक, ठळक छापलेला असतो. हा क्रमांक काय सांगतो? ‘नेचर’ या विज्ञान जर्नलचा घ्या: ००२८-०८३६. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८, ७, ६ असं २ पर्यंत गुणा. बेरीज येते ८२. अकराने भागल्यावर बाकी ५. अकरातून पाच वजा केले की ६, तोच आठवा अंक. क्रमांक लिहिताना झालेली चूक पकडता यावी, म्हणून ही सोय. नियतकालिकाची ओळख पटते, दर्जा नव्हे. त्यातही काही भामटे खऱ्या जर्नलचं नाव आणि क्रमांक उचलून दुसरीच वेबसाइट थाटतात.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. भारदस्त नावांचे इतर ‘फॅक्टर’ पैसे मोजून मिळतात, त्यांना भुलू नका.

पडताळणी बाहेरूनच व्हायला हवी. डीओएजे (मुक्त जर्नलांची सूची) किंवा स्कोपस (शोधनिबंधांची सूची) यांवर जर्नलचं नाव स्वतः शोधा आणि तिथल्याच लिंकवरून त्याच्या पानावर जा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाका. अनेकांची नावं त्यांना न विचारताच छापलेली असतात. मागच्या अंकातले दोन लेख नीट वाचा. फी घेणं हा काही गुन्हा नाही, वाचकांना लेख फुकट देणारी चांगली मुक्त जर्नल्सही लेखकाकडून ती घेतात. पण रक्कम आधीच सांगतात.

२०१३ साली विज्ञान पत्रकार जॉन बोहानन यांनी ढोबळ चुका पेरलेला बनावट लेख ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. आपल्याकडे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये ४,३०५ जर्नलं आपल्या मान्यताप्राप्त यादीतून काढली, आणि २०२५ मध्ये दर्जेदार जर्नलांची ‘केअर’ यादीच बंद केली. आता निवडीची जबाबदारी विद्यापीठांवर, मार्गदर्शकांवर आणि स्वतः लेखकावर आली आहे. बनावट जर्नलकडे गेलेला लेख सोडवणं फार कठीण. मागे घ्यायलाही पैसे मागतात, आणि तोच लेख दुसरीकडे दिला तर दुहेरी प्रकाशनाचा ठपका संशोधकावरच बसतो.