कॅमेरा फोर-के, कुस्ती चौकोनी

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली कुस्ती हल्ली घरबसल्या मोबाइलवर थेट बघता येते. पैलवान सलामी देईपर्यंत चित्र लख्ख असतं. खडाखडी सुरू झाली, हौद्यातली माती उडाली, की पडद्यावर नुसते चौकोन! लगेच खाली कमेंट येते, ‘भावा, फोर-के कॅमेरा घे की!’ दुखणं एकीकडे, औषध भलतीकडे. कॅमेरा बहुतेक वेळा ठीकच असतो. फसलेला असतो तो फ्रेमचा आकार.

१९२० बाय १०८० च्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला सुमारे ७४६ मेगाबिट भरतो. मोबाइल डेटावरून त्यातले सेकंदाला ४ मेगाबिटच वर चढणार असतील, तर बाकीचं सगळं एनकोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला, गाळावं लागतं.

त्याची गाळण्याची युक्ती मोठी देखणी आहे. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे ठोकळे पाडतात. (१०८० ला १६ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून आत १०८८ ओळी धरून दाखवताना ८ छाटतात. १२८० बाय ७२० च्या लहान फ्रेममध्ये ७२० चे मात्र बरोबर ४५ ठोकळे.) हा ठोकळा आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता, हे एनकोडर शोधतो. सापडला तर ‘सहा पिक्सेल उजवीकडे, दोन वर’ एवढा पत्ता आणि उरलेला किरकोळ फरक पाठवला की भागतं. कॅमेरा सावकाश फिरवला तर बसलेली अख्खी गर्दी अशी स्वस्तात सरकते. मूठभर माती उधळली की कण न् कण वेगळ्या दिशेला जातो, आधीच्या फ्रेममध्ये त्याला जोडीदारच नसतो. मग तो भाग जवळजवळ नव्याने पाठवावा लागतो. बिट पुरत नाहीत, बारीक तपशील शून्य होतात, उरते ठोकळ्याची सरासरी छटा. तेच ते चौकोन. ‘एआयने फोर-के करून देतो’ म्हणणारी ॲप्स तिथे अंदाजाने माती रंगवतात, गेलेली परत आणत नाहीत.

४ मेगाबिटमध्ये १०८० ला ६० फ्रेम मागितल्या तर पिक्सेलमागे ०.०३ बिट मिळतो, ३० फ्रेमला ०.०६, ७२० ला ३० फ्रेममध्ये ०.१४. म्हणजे चौपटीहून जास्त फरक.

थेट प्रक्षेपण करायच्या ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्ज, मग व्हिडिओ. बेस (म्हणजे दृश्य मांडायचा कॅनव्हास) आणि आउटपुट (म्हणजे बाहेर जाणारं चित्र) दोन्ही १२८० बाय ७२० ठेवा. कॅनव्हास १०८० चा ठेवून आउटपुट ७२० केलं, तर दीडपट आकसताना गुणफलकाची अक्षरं पुसट होतात. बिटरेट सीबीआर (म्हणजे कायम एकसारखा), कीफ्रेम (आधीच्या फ्रेमचा आधार न घेता अख्खी पाठवलेली फ्रेम) २ सेकंदांनी. अपलोडचा वेग मैदान भरल्यावर मोजा. सकाळी रिकाम्या मैदानात आलेला आकडा फसवा, कारण संध्याकाळी त्याच टॉवरवर सगळ्यांचे फोन लटकलेले असतात. मोजलेल्या वेगाच्या ६०-७० टक्केच वापरा. ६ मिळाले तर ४.

दिव्याखालच्या कुस्तीला शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ला चित्र लपलपतं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवून अंधार झाकू नका, चित्रात दाणे येतात. त्या दाण्यांनाही आधीच्या फ्रेममध्ये जोडीदार नसतो, ते मातीसारखेच बिट खातात.

फोर-के वाया जात नाही, फक्त ते कॅमेऱ्यातल्या कार्डावर वेगळं रेकॉर्ड करा. नंतर रीलसाठी उभी चौकट कापताना १०८० च्या फ्रेममधून जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदी हाती येते आणि ती ताणावी लागते. दुप्पट उंचीच्या फोर-केमधून १२१५ मिळते, १०८० ची रील न ताणता निघते.